हेर, जासूद आणि शिनोबी : गुप्तविद्येच्या इतिहासात शब्दांची साक्ष

१

ज्या मनुष्याचे यश तो कोणाच्याही लक्षात न येण्यात सामावलेले असते, त्याचा इतिहास लिहावयाचा तरी कसा? राजांचे ताम्रपट सापडतात, सेनापतींच्या मोहिमांची वर्णने बखरींतून मिळतात, कारकुनांच्या हातचे कागद तर खंडोगणती उपलब्ध होतात. हेराने मात्र आपले काम चोख बजावले, तर त्याच्यामागे काहीच उरत नाही. इतिहाससंशोधकाची सारी भिस्त अवशेषांवर असते, आणि अवशेष न ठेवणे हाच हेराचा धर्म असतो. हा पेच संशोधनपद्धतीच्या दृष्टीने विचार करण्यासारखा आहे.

ह्या प्रश्नाकडे वळण्याचे निमित्त साधे आहे. जपानमधील निन्जा व त्यांची निन्जुत्सु ही विद्या आपल्याकडील तरुण वाचकांच्या परिचयाची झाली आहे. आणि तिच्या जोडीने शिवाजी महाराजांच्या हेरखात्याचा, विशेषतः बहिर्जी नाईक यांचा, उल्लेख वारंवार केला जातो. ‘बहिर्जी म्हणजे महाराष्ट्राचा निन्जा’ असे समीकरण मांडले जाते. तुलना करण्यास कोणाचीच हरकत असू नये. परंतु ती वेषांतरे, उड्या आणि अचाट साहसे एवढ्यापुरतीच राहिली, तर तीतून काही निष्पन्न होत नाही. तुलनेचा खरा मुद्दा निराळा आहे. जपानात ह्या उद्योगाला एका विद्येचे नाव मिळाले, त्या विद्येचे ग्रंथ झाले आणि त्या ग्रंथांत तिचे तत्त्वज्ञानही सांगितले गेले. महाराष्ट्रात तशीच कामे तितक्याच कौशल्याने करणारी माणसे होऊन गेली. पण त्यांच्या विद्येला ना नाव मिळाले, ना ग्रंथ. असे का व्हावे? प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार मुख्यतः शब्दांच्या साहाय्याने करावयाचा आहे. कागद जेथे मूक असतो, तेथे भाषा पुष्कळदा बोलते.

२

प्रथम जपानकडे पाहू. क्योतोच्या आग्नेयेस डोंगरांनी वेढलेले इगा आणि त्याला लागून असलेले कोका हे दोन लहान प्रदेश ह्या विद्येचे माहेर मानले जातात. पंधराव्या व सोळाव्या शतकांतील अंतर्गत युद्धांच्या काळात येथे कोणा एका बड्या सरदाराची सत्ता नव्हती. लहानसहान जमीनधारक कुळे आपापसांत ठराव करून कारभार पाहत आणि शेजारच्या सरदारांना आपले कौशल्य भाड्याने देत. १५७९ साली ओदा नोबुनागाच्या मुलाने इगावर केलेली स्वारी फसली. १५८१ साली स्वतः नोबुनागाने प्रचंड सैन्यानिशी तो प्रदेश उद्ध्वस्त केला. पुढच्याच वर्षी नोबुनागाचा अंत झाल्यावर तोकुगावा इएयासु ह्याने इगाच्या डोंगरांतून आपला जीव वाचवून नेला; आणि तो सत्ताधीश झाल्यावर इगा व कोका येथील माणसांना एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, किल्ल्यावर पहाऱ्याची नोकरी मिळाली. १६३७-३८ च्या शिमाबारा येथील बंडाच्या वेळी कोकाच्या माणसांचा हेरगिरीसाठी उपयोग करण्यात आला. त्यानंतर दीर्घकाळ शांतता नांदली.

ह्या शांततेतच ग्रंथ निर्माण झाले, ही गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. फुजिबायाशी ह्याने ‘बान्सेन्शुकाई’ हा मोठा ग्रंथ १६७६ साली सिद्ध केला. नातोरी ह्याचा ‘शोनिन्की’ हा ग्रंथ १६८१ चा. म्हणजे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक आणि त्यांचा देहान्त ह्यांच्या आगेमागेच हे ग्रंथ लिहिले गेले. विद्या प्रत्यक्ष वापरात असताना ती लिहून ठेवण्याची कोणास गरज भासली नव्हती. ती लोप पावू लागली तेव्हा ती कागदावर आली. इतकेच नव्हे, तर १७८९ साली कोका येथील मंडळींनी ‘बान्सेन्शुकाई’ एदोच्या सरकारपुढे सादर केला, तो आपल्या घराण्यांना पूर्वीची प्रतिष्ठा व चाकरी मिळावी ह्या अर्जासोबत. म्हणजे हा ग्रंथ एका दृष्टीने उपेक्षित कुळांची कैफियतच होता.

आता नावाकडे वळू. ‘निन्जा’ हे आज जगभर रूढ असलेले नाव फार जुने नाही. त्याच अक्षरांचा जुना उच्चार ‘शिनोबी नो मोनो’ असा होता, आणि ‘निन्जा’ हे वाचन सर्वतोमुखी झाले ते १९५० नंतरच्या दोन दशकांतील कादंबऱ्या व चित्रपट ह्यांच्यामुळे. डोक्यापासून पायापर्यंतचा काळा पोशाखही बव्हंशी एदो काळातील रंगभूमीची व चित्रकारांची देणगी होय. ज्याला गर्दीत मिसळावयाचे आहे, तो ओळखू येईल असा गणवेश कशाला घालील?

‘शिनोबी’ व ‘निन्’ ह्या दोहोंसाठी लिहिले जाणारे चिनी अक्षर एकच आहे. त्याचा वरचा भाग शस्त्राच्या धारेचा आणि खालचा भाग हृदयाचा वाचक आहे. ‘शिनोबु’ ह्या जपानी क्रियापदाचे दोन अर्थ संभवतात : सोसणे आणि लपणे. मराठीत हे दोन अर्थ एका धातूत एकत्र नांदत नाहीत. जो सोसू शकतो तोच दडून राहू शकतो, असा अनुभव त्या शब्दात साठवलेला दिसतो. थंडीपाऊस, भूक, अपमान आणि प्रतीक्षा सोसण्याची तयारी नसेल, तर दोर, शिड्या व वेष ह्यांचा उपयोग नाही. ‘बान्सेन्शुकाई’च्या आरंभीचे विवेचनही उपकरणांविषयी नसून ‘सेइशिन्’ म्हणजे अंतःकरणाची शुद्धता ह्याविषयी आहे. स्वार्थासाठी ही विद्या वापरणारा आणि चोर ह्यांत भेद राहत नाही, ही जाणीव त्या विवेचनाच्या मुळाशी आहे. घरात शिरण्याचे कसब दोघांचे सारखेच. भेद फक्त हेतूचा.

येथे भारतीय वाचकास रस वाटावा अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बौद्ध ग्रंथांची संस्कृतातून चिनी भाषेत भाषांतरे झाली, तेव्हा सहा पारमितांपैकी ‘क्षान्ती’ ह्या पारमितेसाठी हेच ‘निन्’ अक्षर योजण्यात आले. ह्यावरून निन्जुत्सु ही क्षान्तीची शाखा आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. हे अक्षर चीनमध्ये बौद्ध धर्माच्या आधीपासून होते. तथापि शतकानुशतके सूत्रपठण ऐकणाऱ्या समाजात त्या अक्षराला क्षमा व तितिक्षा ह्यांचा जो सुगंध लागला, तो हेरविद्येच्या ग्रंथकारांनाही परका नसणार, एवढे म्हणता येते.

३

आता मराठीतील शब्द पाहू. पहिला शब्द अर्थातच ‘हेर’. ‘हेरणे’ म्हणजे लक्ष लावून पाहणे, शोधून काढणे. हिंदीत ‘हेरना’ आहे, आणि प्राकृतातही हा धातू आढळतो. संस्कृत कोशकारांनी ‘हेरिक’ असा शब्द गूढपुरुष ह्या अर्थी नोंदविला आहे; पण तो लोकभाषेतून वर चढलेला असावा, असे त्याच्या रूपावरून दिसते. दुसरा शब्द ‘चार’. तो ‘चर्’ म्हणजे हिंडणे ह्या धातूपासून झाला. तिसरा ‘नजरबाज’, म्हणजे बारीक नजरेचा. हा फारसीतून आला. ‘हरकारा’ हाही फारसी, ‘हर’ म्हणजे प्रत्येक आणि ‘कार’ म्हणजे काम. पडेल ते काम करणारा. चौथा अत्यंत महत्त्वाचा शब्द ‘जासूद’. अरबी ‘जासूस’ ह्याचे हे मराठी रूप. मूळ धातूचा अर्थ हाताने चाचपणे, वैद्याने नाडी पाहावी तसे तपासणे.

ही नामावळी नुसती वाचली तरी एक गोष्ट ध्यानात येते. आपल्या शब्दांनी हेराला कोठे डोळा म्हटले, कोठे पाय, कोठे हात. प्रत्येक शब्द त्याच्या एकेका इंद्रियाचे कार्य सांगतो. तो राजाचा अवयव आहे; राजा चारचक्षू, म्हणजे हेर हे ज्याचे डोळे असा, ही कल्पना संस्कृत नीतिग्रंथांत सर्वत्र आढळते. परंतु डोळ्याला स्वतःचे मन असते, अशी कल्पना त्यात नाही. जपानी शब्दाने मात्र त्या माणसाचे अंतःकरण पुढे आणले. ह्या एका भेदात पुढील सारा इतिहास बीजरूपाने आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

‘जासूद’ ह्या शब्दाचा प्रवासही बोधप्रद आहे. पेशवाईच्या पत्रव्यवहारात जासूद येतो तो बहुधा पत्रे घेऊन जोडीने धावणारा निरोप्या म्हणून. हेर आणि टपालवाला हे अर्थ एकाच शब्दात येऊन मिळाले, कारण बातमी काढणे व ती पोहोचविणे हे काम पुष्कळदा एकाच माणसाचे होते. ‘बातमी’ हा शब्द आज वर्तमानपत्राचा झाला आहे आणि ‘बातमीदार’ हा वृत्तपत्राचा माणूस. पूर्वी मात्र त्या शब्दांना फौजेचा व दरबाराचा वास होता.

ह्या उलट अष्टप्रधानांतील मंत्र्याचे दुसरे नाव पाहा : वाकनीस. मूळ ‘वाकेनवीस’, म्हणजे घडलेल्या गोष्टी लिहिणारा. राज्याभिषेकाच्या वेळी हे पद दत्ताजी त्रिंबक ह्यांजकडे होते. राजाजवळ बसून बातमी टिपून घेणाऱ्याला प्रधानपद, मान आणि संस्कृत संज्ञा मिळाली. ती बातमी रानावनांतून आणणारा जासूदच राहिला. एक लेखणी धरीत होता, दुसरा वाट तुडवीत होता.

आणि ह्या साऱ्या उद्योगाचे नाव काय? ‘हेरगिरी’. ‘गिरी’ ह्या प्रत्ययाने मराठीत धंदा किंवा स्थिती दाखविली जाते : शिपाईगिरी, कारागिरी, गुलामगिरी, लुच्चेगिरी. ‘धनुर्विद्या’, ‘मल्लविद्या’, ‘अश्वविद्या’ हे शब्द आपल्याकडे रूढ झाले. ‘हेरविद्या’ रूढ झाला नाही. निन्जुत्सुमधील ‘जुत्सु’ हे पद कला अथवा विद्या ह्या अर्थाचे आहे. विद्येला गुरू असतो, शिष्य असतो, ग्रंथ असतो. धंद्याला फक्त पोट असते.

४

ह्यावर कोणी म्हणेल की, कौटिल्याचे अर्थशास्त्र असताना आपल्याकडे ग्रंथ नाही असे कसे म्हणता? आक्षेप रास्त आहे. त्या ग्रंथाच्या पहिल्याच अधिकरणात गूढपुरुषांची नेमणूक कशी करावी, हे तपशिलाने सांगितले आहे. एका जागी राहणारे पाच : कापटिक म्हणजे विद्यार्थ्याच्या वेषातील, उदास्थित म्हणजे संन्यासातून ढळलेला, गृहपतिक म्हणजे शेतकरी, वैदेहक म्हणजे व्यापारी, आणि तापस. हिंडते चार : सत्री, तीक्ष्ण, रसद आणि भिक्षुकी. तिघांची बातमी परस्पर जुळली तरच ती विश्वसनीय मानावी, हा कौटिल्याचा नियम आजच्या संशोधकानेही पाळावा असा आहे.

परंतु हा ग्रंथ कोणाच्या बाजूने लिहिला आहे, ते पाहिले पाहिजे. तो हेर वापरणाऱ्यासाठी आहे, हेरासाठी नाही. कोणाला निवडावे, तर ज्याची उपजीविका बुडाली आहे असा शेतकरी किंवा व्यापारी घ्यावा, असे तो सांगतो. माणसाची अडचण हे राज्याचे साधन. त्या माणसाने स्वतःचे मन कसे राखावे, हे सांगण्याचे कौटिल्यास प्रयोजन नव्हते. चीनमधील सुन् त्झु ह्याच्या युद्धशास्त्राचे तेरावे प्रकरणही सेनापतीसाठीच आहे. त्यात स्थानिक, शत्रूच्या दरबारातील, उलटविलेला, बळी दिला जाणारा आणि जिवंत परतणारा असे हेरांचे पाच प्रकार आहेत. बळी दिल्या जाणाऱ्या हेराला काय वाटते, हा प्रश्न तेथेही नाही. जपानी ग्रंथकारांनी सुन् त्झुचा आधार घेतला, पण ते स्वतः हेरांच्या परंपरेतले असल्यामुळे त्यांनी तो प्रश्न विचारला. निन्जुत्सुच्या तत्त्वज्ञानाचे वेगळेपण येथेच आहे.

शिवाय कौटिल्याचा ग्रंथ मध्यंतरी लुप्तप्राय झाला होता. म्हैसूर येथे शामशास्त्री ह्यांच्या हाती त्याची पोथी १९०५ साली आली आणि १९०९ साली तो छापून निघाला. सतराव्या शतकातील मराठी हेरांनी तो वाचला असेल, अशी कल्पना करण्यास आधार नाही. १७१५ चे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र पाहावे, तर त्यात किल्ले आणि आरमार ह्यांवर विस्तृत विवेचन आहे. हेरांवर तसे स्वतंत्र प्रकरण नाही.

५

वेषांतराचा विचार येथे थोडक्यात करणे इष्ट आहे, कारण त्यात समाजाचे प्रतिबिंब पडते. ‘शोनिन्की’त सात वेष सांगितले आहेत : बासरी वाजविणारा कोमुसो भिक्षू, साधा भिक्षू, डोंगरांत तप करणारा यामाबुशी, व्यापारी, कसरती करणारा, नाटकी आणि शेवटी सामान्य माणूस. कौटिल्याच्या यादीशी ही ताडून पाहिली की दोन्हींतील साम्य उघड होते. कारणही स्पष्ट आहे. जो वेष धारण केल्याने ‘तू कोण, कोठे चाललास?’ असे कोणी विचारीत नाही, तोच वेष हेराचा. म्हणून वेषांतरांची यादी म्हणजे त्या त्या काळी मोकळेपणाने कोण हिंडू शकत होते ह्याची यादी होय.

आग्र्याहून १६६६ साली झालेल्या सुटकेच्या ज्या हकीकती आपल्याकडे सांगितल्या जातात, त्यांत गोसावी-बैराग्यांचे वेष येतात, ते ह्याच कारणाने. आणि ह्या दृष्टीने आपल्या भागातील एक घटना ध्यानात घेण्याजोगी आहे. सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरचे मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब भोसले ह्यांना इंग्रजांनी पदच्युत करून कैदेत अलाहाबादकडे नेण्यास प्रारंभ केला. मे १८१८ मध्ये जबलपूरच्या परिसरात ते पहाऱ्यातून निसटले, ते कंपनीच्या शिपायाच्या वेषात. दीडशे वर्षांपूर्वी राजा गोसावी होऊन जात होता; आता फौजेच्या तळातून कोणी न हटकता बाहेर पडू शकणारा माणूस म्हणजे कंपनीचा शिपाई. एका वेषाच्या बदलात सत्तेचा सारा बदल आला.

पुढे आप्पासाहेबांना आश्रय मिळाला तो महादेवाच्या डोंगरांत, गोंडांच्या साहाय्याने. त्याच वर्षी तेव्हाच्या भंडारा प्रदेशात कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल आप्पासाहेबांच्या बाजूने उठले. हा कामठा म्हणजे नागपूरजवळचे कामठी नव्हे. तो १९९९ साली वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात आज मोडतो. राजाचे नाव इतिहासात राहिले, जमीनदाराचेही राहिले. परंतु ज्यांनी रानातील वाटा दाखविल्या, चौक्या चुकविल्या आणि निरोप पोहोचविले, त्यांची गणना ‘गोंड’ ह्या एका शब्दात संपली.

६

गुप्त लिपी हा ह्या विद्येचा आणखी एक विभाग, आणि भाषाभ्यासकाला तो विशेष बोलका वाटतो. जपानात ‘शिनोबी-इरोहा’ नावाची सांकेतिक वर्णमाला होती. लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी, माणूस व शरीर ह्यांची सात चिन्हे डावीकडे आणि रंगवाचक सात चिन्हे उजवीकडे ठेवून एकोणपन्नास नवी अक्षरे बनविली जात. ती चिनी अक्षरांसारखी दिसत, पण कोणत्याही कोशात सापडत नसत.

आपल्याकडील करपल्लवीची रचना निराळी आहे. हाताचा नागाच्या फणेसारखा आकार केला की स्वर, कमळासारखा केला की क-वर्ग, चक्रासारखा केला की च-वर्ग, अशा खुणा ठरलेल्या असत. आणि नंतर बोटे दाखवून वर्गातील कितवे अक्षर हे सांगावयाचे. म्हणजे जपानी संकेत अक्षराच्या आकारावर रचला गेला, आपला संकेत ध्वनींच्या वर्गीकरणावर. प्रत्येक समाजाने आपली गुप्त भाषा आपल्या उघड भाषेच्या सांगाड्यावरच उभारली. लिहिता न येणाऱ्यालाही करपल्लवी ऐकून शिकता येते, हा तिचा गुण लहान नव्हे.

गुप्ततेची किंमतही मोजावी लागते, ह्याचे उदाहरण मराठीतच आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ व तत्सम सांकेतिक लिप्यांत लिहिले. त्या पंथाच्या आद्य अनुयायांपैकी निळभट्ट भांडारेकार ह्यांच्या नावातच आपला भंडारा आहे. ह्या लिप्यांमुळे ग्रंथ सुरक्षित राहिले, परंतु इतर मराठी समाजाला ते शेकडो वर्षे परके राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी सकळ लिपीची उकल केली, तेव्हा तेराव्या शतकातील मराठी गद्याचा ठेवा सर्वांपुढे आला. कुलपाने धन राखले. पण ते धन आहे हेच पुष्कळांना कळले नाही.

भारत व जपान ह्यांमधील एका प्रत्यक्ष दुव्याचाही येथे निर्देश करावयास हवा. जपानी योद्धे व शिनोबी ‘मारिशितेन्’ ह्या देवतेची उपासना करीत. ही मूळची बौद्ध मारीची. ‘मरीचि’ म्हणजे किरण, आणि ‘मरीचिका’ म्हणजे मृगजळ. किरण दिसतो पण पकडता येत नाही, म्हणून ती अदृश्यतेची देवता. ‘ॐ मारीच्यै स्वाहा’ हा मंत्र जपानी मुखात ‘ओन् मारिशिएइ सोवाका’ असा झाला. मात्र ह्या एका दुव्यावरून सारी निन्जुत्सु भारतातून गेली, असे विधान करणे शास्त्रीय होणार नाही. बोटे गुंफून म्हणावयाची जी नवाक्षरी त्या परंपरेत प्रसिद्ध आहे, तिची अक्षरे चौथ्या शतकातील चिनी ताओवादी ग्रंथातील असून त्यांना जोडलेल्या मुद्रा तांत्रिक बौद्ध परंपरेच्या आहेत. उधारी अनेक दारांतून आलेली आहे.

७

आता पुन्हा बहिर्जींकडे येऊ. १६९७ साली जिंजी येथे लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत बहिर्जींचा उल्लेख मोजक्या जागी आहे. सुरतेच्या संपत्तीची बातमी त्यांनी आणली, ही एक. १६७९ साली जालना लुटून परतताना मोगली फौजांनी वाट अडविली असता, त्यांनी आडवाटेने तीन दिवस व तीन रात्री चालवून महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेले, ही दुसरी. त्या किल्ल्याला पुढे विश्रामगड हे नाव पडले. म्हणजे समकालीन साक्षीदाराने ह्या पुरुषाविषयी दोन गोष्टी सांगितल्या : त्याने पाहिले, आणि त्याने वाट दाखविली. ‘हेर’ आणि ‘चार’ ह्या दोन शब्दांचेच हे दोन अर्थ आहेत. बाकीचे, म्हणजे शेकडो वेष, पक्ष्यांचे आवाज, सांकेतिक भाषा, हे उत्तरकालीन कल्पनेने भरलेले रंग होत. सांगली जिल्ह्यातील बाणूरगडावर त्यांची समाधी दाखविली जाते. लोकांनी ती जपली, हेही एका परीने लोकांनी दिलेले मानपत्रच आहे.

परंपरा बहिर्जींना रामोशी समाजाचे मानते. ही गोष्ट व्यापक अर्थाने महत्त्वाची आहे. रामोशी, बेरड, कोळी, महार, गोंड ह्या समाजांकडे जुन्या काळी गावाची व गडाची राखण, चोराचा माग काढणे, सरकारी निरोप पोहोचविणे ही कामे होती. माग ओळखणे, अंधारात चालणे, भूक सोसणे, आपल्या शब्दाला जागणे ही सारी ‘निन्’ ह्या अक्षराची अंगे त्यांच्या नित्याच्या जगण्यात होती. परंतु लेखणी त्यांच्या हाती नव्हती. इगा-कोका येथील कुळे लहान असली तरी ती जमीनधारक व साक्षर होती. त्यांना ग्रंथ लिहून सरकारदरबारी दाद मागता आली. आपल्याकडील माणसांना ते साधले नाही. उलट १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या मालिकेत ह्या वर्गापैकी काही समाज जन्मतः गुन्हेगार ठरविले गेले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. रामोशी व बेरड हे समाज आज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहेत. जी विद्या जपानात ग्रंथात गेली, ती आपल्याकडे पोलिसांच्या नोंदवहीत गेली. हेतूवरून चोर आणि शिनोबी ह्यांत भेद करावा, असे ‘बान्सेन्शुकाई’ सांगतो. त्या कायद्याने हेतू पाहण्याचे नाकारले आणि जन्म पाहिला.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. महाराष्ट्रात ही विद्या नव्हती असे नाही. विद्या होती, तिला विद्या म्हणणारे कोणी नव्हते. ज्या समाजात कौशल्य एकाच्या अंगी आणि अक्षर दुसऱ्याच्या हाती असते, तेथे कौशल्याचे शास्त्र होत नाही. त्याची आख्यायिका होते, नाही तर बदनामी होते. ‘आमचाही एक निन्जा होता’ असे म्हणून ही उणीव भरून निघणार नाही. परक्या नावाने गौरव करण्यापेक्षा आपल्या नावांचा अर्थ लावणे अधिक न्याय्य होईल.

जपानात मिए विद्यापीठाने २०१७ साली ह्या विषयासाठी स्वतंत्र संशोधनकेंद्र उघडले. तेथे जुनी हस्तलिखिते तपासून दंतकथा व इतिहास ह्यांची विभागणी चालते. आपल्याकडे हस्तलिखिते नसतील, पण शब्द आहेत. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत झाडीबोली, गोंडी आणि पोवारी बोलणारी वृद्ध माणसे अद्याप आहेत. नागझिरा-नवेगावच्या रानाकाठी राहणाऱ्यांना जनावराचा ताजा माग, शिळा माग, दवाने पुसलेला माग ह्यांतील फरक सांगता येतो. त्या प्रत्येकासाठी त्यांच्या बोलीत कोणता शब्द आहे, वाट चुकविण्याला काय म्हणतात, न बोलता करावयाच्या खुणेला काय म्हणतात, रात्रीच्या प्रहरांना कोणती नावे आहेत, ह्यांची पद्धतशीर नोंद विद्यार्थ्यांनी केली, तर हाती येणारा संग्रह लहान असला तरी तो अस्सल असेल. नोंद करताना कौटिल्याचा नियम पाळावा, म्हणजे तिघांचे सांगणे जुळल्याखेरीज शब्द पक्का मानू नये. आणि सांगणाऱ्याची संमती घेऊन, त्याचे श्रेय त्याला देऊन तो लिहावा. ज्यांनी इतरांच्या बातम्या इमानाने पोहोचविल्या, त्यांची बातमी इतक्या दिवसांनी तरी नीट पोहोचली पाहिजे.